खांबाखालच्या दोन गाद्या

ताई,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि परवा मला कोर्टात साक्षीला जायचं आहे. समन्स घेऊन हवालदार घरी आला तेव्हा मी भांडी घासत होते. ओल्या हातानेच कागद घेतला. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आत जाऊन बोट ठेवून एकेक शब्द वाचला, तुम्ही शिकवलंत तसा. ‘साक्षीदार’ हा शब्द तीनदा वाचला. तिथे ‘आरोपी’ लिहिलेलं असेल अशी मला दोन वर्षं भीती होती. साक्षीदार आहे हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

कारण खरं काय घडलं ते मला माहीत आहे. आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी आपल्या वर्गातल्या ओवीने खांबावर चढू का म्हणून विचारलं होतं ते मला. तुम्हाला नाही. आणि जा, असं मी म्हटलं होतं.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिते.

बिबवेवाडीतल्या आपल्या हॉलमध्ये मी अठरा वर्षं झाडलोट केली, गाद्या घातल्या, मल्लखांबाचा खांब पुसला. मुली मला मावशी म्हणायच्या, त्यांच्या आयाही मावशी म्हणायच्या, संस्थेचे सेक्रेटरीसाहेब आजोबा झाले तरी मावशीच म्हणतात. तुम्ही एकट्या मला सुमनबाई म्हणायचात. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही हजेरीची वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “नावं तुम्ही लिहायची.”

मी म्हटलं, “ताई, मी चौथी शिकलेय. अक्षर फार वाईट आहे माझं.”

“मग उत्तमच. चांगल्या अक्षरात खोटी हजेरी फार सुबक दिसते.”

मला त्या वेळी ते कळलंच नाही. घरी गेल्यावर हसू आलं. नंतर तुम्ही मला वह्या आणून द्यायला लागलात, रोज एक पान शुद्धलेखन लिहायचं म्हणून; ही त्यातली शेवटची. मुली सराव करत असताना मी कोपऱ्यात बसून लिहायची आणि जाताना तुम्ही लाल पेनाने खुणा करायचात. पहिल्या वर्षी पान लालच असायचं. मग खुणा कमी झाल्या. शेवटी तुम्ही नुसती सही करायला लागलात. आज या पानावर खूण करायला कोणी नाही. चुकलं असेल तिथे चुकलेलंच राहील.

आपलं भांडण एकच होतं आणि ते दर दसऱ्याला व्हायचं. त्या दिवशी खांबाची पूजा. आदल्या दिवशी मी सगळा हॉल धुवायची, खांब घासायची आणि खालच्या सगळ्या गाद्या काढून अंगणात उन्हात टाकायची. पावसाळाभर पत्र्यातून गळून त्या ओल्या व्हायच्या, आत काथ्या कुजल्याचा वास यायचा. तुम्ही म्हणायचात, “सुमनबाई, सगळ्या काढू नका. दोन गाद्या खांबाखाली राहू द्या. खांब उभा आहे तोवर खाली गादी हवी.”

“अहो ताई, पण पूजेच्या दिवशी खाली धूळ कशी ठेवायची?”

“देव गादी उचलून धूळ बघायला येत नाही.”

“तो नाही येत, पण मला दिसते ना.”

“मग डोळे मिटून पूजा करा. बऱ्याच जणी करतात.”

दरवर्षी मी तुमच्यासमोर दोन गाद्या ठेवायची आणि तुमची पाठ वळली की त्याही बाहेर न्यायची. अर्धवट झाडलेली जागा मला बघवत नाही. पूजेच्या दिवशी सराव नसतोच, मग कोण पडणार, असं मला वाटायचं. सोळा वर्षं कोणी पडलं नाही. म्हणून मला वाटायला लागलं की माझंच बरोबर आहे.

त्या दसऱ्याला मी आणखी एक केलं. एरवी सरावाआधी खांबाला एरंडेलाचं बोट फिरवायचं आणि फडक्याने जास्तीचं तेल टिपून घ्यायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. पण पूजेला खांब चकचकीत दिसावा म्हणून मी वाटीभर तेल चोळलं आणि टिपलं नाही. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. दारातून बघितलं तर खांब नुसता चमकत होता. मला इतका आनंद झाला होता, ताई.

पूजा झाली. दर्शन घेऊन मुली अंगणात पेढे खात होत्या. तुम्ही फाटकाशी पालकांशी बोलत उभ्या होतात. मी आत आरतीचं ताट आवरत होते. ओवी आली. नऊ वर्षांची, नवीन परकर-पोलकं घातलेली. माझ्या पदरावर हात ठेवून म्हणाली, “मावशी, एकच सलामी देऊ? आज खांबाचा सण आहे ना?” मोठ्या मुली स्पर्धेत खांबावर चढून आधी सलामी देतात ते तिने मागच्या वर्षी पाहिलं होतं. तिचा तो चेहरा बघून मी म्हटलं, “जा, पण लगेच उतर.” आणि ताट घेऊन नळाकडे वळले. गाद्या बाहेर आहेत हे मला माहीत होतं. तेल टिपलेलं नाही हेही माहीत होतं. पण त्या क्षणाला दोन्ही डोक्यात आलं नाही. मी खोटं लिहीत नाही. खरंच आलं नाही.

तिचा आवाज आला नाही. फरशीचा आला. तो मी अजून ऐकते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मणक्याला मार लागला. पोरगी सहा महिने अंथरुणात होती. ओवीच्या वडिलांनी तक्रार केली आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. पोलीस आले, फरशी मोजली, खांबाचे फोटो काढले, माळेसकट. त्यांच्यातल्या साहेबांनी विचारलं, “मुलीला वर कुणी जाऊ दिलं?” मी तुमच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “वर्ग माझा आहे. मी जाऊ दिलं.”

“गाद्या कुणी काढल्या?”

“मीच काढायला सांगितल्या.”

मग ते माझ्याकडे वळले. तुम्ही सांगितलं ते खरं का, असं विचारलं. मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी परत मान हलवली. एवढंच मी केलं, ताई. दोनदा मान हलवली आणि तुम्ही आरोपी झालात. निष्काळजीपणाचा गुन्हा. तुमच्याबरोबर सेक्रेटरीसाहेबांचंही नाव घातलं, हॉलची जबाबदारी संस्थेची म्हणून.

मी एकदाच तुमच्याबरोबर कोर्टात आले होते. आठवतं का? बाहेरच्या बाकावर आपण बसलो होतो. शेजारी एका माणसाला बेड्या घालून बसवलं होतं. तो तुम्हाला म्हणाला, “बाई, तुमचं काय?” तुम्ही म्हणालात, “शिकवत होते.” तो बराच वेळ विचार करत बसला. मग शिपायाने दारातून तुमचं नाव पुकारलं. नुसतं नाव आणि आडनाव, ओरडून, पुढे बाई नाही की काही नाही. मला इतकं लागलं. तुम्ही उठलात, साडीच्या निऱ्या नीट केल्यात आणि माझ्या कानाशी म्हणालात, “तीस वर्षं मी हजेरी घेतली. आता माझी घेतायत.” आत जाऊन पाच मिनिटांत परत आलात. पुढची तारीख.

नंतर टपरीवर चहा घेताना मी सुरुवात केली होती. “ताई, त्या दिवशी ओवीने मला,” एवढं म्हणाले. तुम्ही म्हणालात, “सुमनबाई, चहा गार होतोय.” मी चहा प्यायले. परत कधी बोलायचा धीर झाला नाही. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मला दोन वर्षं कळत नव्हतं.

आता कळलं आहे. कसं ते सांगते.

त्याआधी सेक्रेटरीसाहेब येऊन गेले. तुम्ही गेल्यावर तुमचं नाव खटल्यातून कमी झालं, आता आरोपी म्हणून ते एकटेच राहिलेत. माझ्या खोलीत खुर्ची एकच. ते खुर्चीवर बसले, मी दाराला टेकून उभी राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

“मावशी, दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, मुलीला ताईंनी जाऊ दिलं. ते तुम्ही पोलिसांना सांगितलंच आहे. दुसरी, गाद्यांबद्दल संस्थेकडे कुणी कधी काही कळवलं नव्हतं. संपलं. दहा मिनिटांत घरी.”

मी म्हटलं, “साहेब, अर्ज मीच आणून दिला होता.”

“कसला अर्ज?”

“नव्या गाद्यांचा. ताईंनी लिहिलेला. तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “तुम्हाला फार बारीक आठवतं, मावशी. कोर्टात इतकं बारीक आठवू नये. वकील विचारायला लागतात, मग आणखी कायकाय आठवायला लागतं. माणूस साक्षीदार म्हणून आत जातो आणि बाहेर कोण म्हणून येईल सांगता येत नाही.”

त्यांना काहीच माहीत नाही, तरी बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लोटून घेतलं.

“गेलेल्या माणसावर खटला चालत नाही,” ते म्हणाले. “ताईंना आता काही त्रास नाही. मागे राहिलोय त्यांचं बघायला नको का? मी काय हो, सह्या करणारा माणूस. माझ्या आधीच्यांनीही सह्याच केल्या. गाद्या कुठे असतात, खांबाला काय लावतात, मी बघायला आलो होतो का कधी?”

तेच तर, असं मी मनात म्हटलं. जाताना त्यांना चप्पल सापडेना, म्हणजे समोरच होती, पण पाय आत जाईना. दोनदा पाय घातला तेव्हा गेली. त्यांनीही आधाराला दार धरलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. माझ्यासारखंच घाबरलेलं माणूस बघून राग येत नाही.

त्यानंतर चार दिवस मी ठरवलं होतं की ते म्हणतात तेच सांगायचं. खरं लिहिते आहे, म्हणून हेही लिहिते. तुम्हीसुद्धा तेच सांगितलं होतंत. तुमच्या इच्छेविरुद्ध मी का जाऊ, अशी मी माझी समजूत घातली. मला तुरुंगात जायचं नाही, ताई. या वयात मला सोडवायला कोण येणार? चार माणसांत बोलता येत नाही मला. रेशनच्या दुकानातसुद्धा मी मागे राहते आणि माझा नंबर दुसरे घेऊन जातात. कोर्टात काळ्या कोटातली माणसं उलटसुलट विचारणार, माझ्या तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. आधी एक सांगितलं आणि आता दुसरं सांगते, म्हणजे एकदा खोटी होतेच. ते मला सोडतील का?

मग तुमच्या तेराव्याला ओवी आली. काठी घेऊन चालते आता, डावा पाय जरा ओढते. उंच झालीय, अकरा वर्षांची. तिची आई आत तुमच्या फोटोला हार घालत होती. ओवी माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, मी कुणाला सांगितलं नाही हं.”

मी म्हटलं, “काय?”

“तुम्ही जा म्हणालात ते. ताई हॉस्पिटलमध्ये आल्या होत्या ना, तेव्हा म्हणाल्या, ओवी, तुला जा असं मी म्हटलं होतं, लक्षात ठेव. मी म्हटलं, पण मी तर मावशींना विचारलं होतं. तर म्हणाल्या, मावशींना म्हणजे मलाच. वर्ग माझा आहे ना? मग मी पाठ करून ठेवलं.”

माझ्या हातातली समई मी खाली ठेवली.

“मावशी, पुढच्या आठवड्यात मलाही कोर्टात बोलावलंय,” ती म्हणाली. “मी तेच सांगणार आहे. पण खोटं बोलताना मला रडू येतं. तिथे रडलं तर त्यांना कळतं का?”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे तुमच्या वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडते आहे. तुमच्यासाठीही रडत होते.

ताई, माझ्यासाठी केलंत त्याचे उपकार मी कसे फेडू? मी चौथी शिकलेली, परक्याच्या दारात उभी राहायला घाबरणारी बाई. माझ्यावर आलं असतं तर मी पहिल्या तारखेलाच मेले असते, हे तुम्ही ओळखलंत. म्हणून बाकावर तुम्ही बसलात, तुमचं नाव तसं पुकारू दिलंत, पालकांच्या शिव्या खाल्ल्यात, ज्या मुलींना शिकवलंत त्यांनी रस्त्यात तोंड फिरवलं ते बघितलंत. त्यानेच तुमचं हृदय थकलं, असं तुमच्या वहिनी म्हणाल्या. त्या मला उद्देशून म्हणाल्या नाहीत. पण मी तिथेच उभी होते.

पण तुम्ही मला विचारलं नाहीत. एकदाही नाही. “सुमनबाई, तुम्ही म्हणालात का?” एवढं विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. कदाचित नसतं सांगितलं. तरी विचारायला हवं होतं. आणि ओवीला पाठ करायला दिलंत, ते मात्र चुकलं तुमचं. मोडलेल्या मणक्याच्या पोरीला खोटं पाठ करायला दिलंत, तेही माझ्यासाठी. तुम्ही तिला रडवायला गेला नव्हतात हे मला कळतं. धांदलीत झालं असेल, जसं माझं झालं. पण तुम्ही तिच्या खाली गादी ठेवायला विसरलात, ताई. तुम्ही इतकी वर्षं मला सांगत होतात तेच.

मी हे तुमच्या तोंडावर कधीच म्हटलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

माझ्याआधी ओवीला बोलावतील की ओवीच्या आधी मला, हे माहीत नाही. म्हणून आज दुपारी मी तिच्या घरी गेले. जिन्यात दोनदा थांबले, परत फिरावं असं वाटलं. दार तिच्या आईने उघडलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि सांगितलं. सगळं, गाद्या, तेल, जा म्हटलं ते. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “दोन वर्षं मला एवढंच हवं होतं हो, मावशी. कुणी तरी खरं सांगावं.” तिने मला आत बोलावलं नाही. दारही लावलं नाही. मी जिना उतरेपर्यंत ती तशीच उभी होती. ती माझ्यावर तक्रार करेल का, मला माहीत नाही. केली तर तिचा हक्क आहे.

निघताना ओवी आतून आली. मी तिला म्हटलं, “जे झालं तेच सांगायचं. पाठ केलेलं विसरून जा.” तिने विचारलं, “ताई रागावणार नाहीत?” मी म्हटलं, “ताईंना मी सांगते.”

ते सांगायलाच ही वही काढली. तुमचा गाद्यांचा अर्ज याच वहीत पहिल्या पानांवर आहे. तुम्ही तो मला शुद्धलेखन म्हणून दोनदा उतरवायला लावला होतात, ‘निकृष्ट’ हा शब्द मला जमत नव्हता म्हणून. खाली तुमची लाल सही आहे. तो कोर्टात चालतो की नाही, मला कळत नाही. वही नेली तर हेही कोणी वाचेल. नेणार आहे. पिशवीत घातली की मग काढायची नाही, असं ठरवलं आहे.

ओवीच्या घरून मी हॉलवर गेले होते. वर्ग बंद आहेत तरी मी रोज झाडते. खांब कोरडा पडला होता, त्याला तेलाचं बोट फिरवलं आणि नीट टिपून घेतलं. कोपऱ्यातल्या दोन गाद्या ओढून आणून खाली घातल्या. खालची धूळ काढली नाही.

मग खांबासमोर उभी राहून मी सराव केला. तुम्ही म्हणायचात ना, सुमनबाई, तुमचा आवाज तुमच्या पदराच्या बाहेर येत नाही. पहिल्यांदा म्हटलं, “ओवीने मला विचारलं होतं, मी जा म्हटलं,” तर मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मध्येच आवाज फाटला. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून, सगळं वाक्य एका दमात म्हटलं, तेव्हा वर पत्र्याखाली बसलेलं कबूतर दचकून उडालं.

एवढा आवाज तिथे पुरेल ना, ताई?